घोटीची वाट आणि आकाशांतलीं घड्याळें

नाशिक जिल्ह्यांतील घोटी हें मुंबई-आग्रा रस्त्यावरील भाताच्या व्यापाराचें गांव. तेथून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी गांव लागतें, आणि त्याच्या माथ्यावर महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचें कळसूबाई, उभें आहे. या रस्त्यानें पहांटे धांवणारा तरुण हल्लीं खिशांतल्या फोनवर आपलें अंतर नोंदवितो. घरीं येऊन नकाशा पाहतो, तों त्याची वाट मधूनच भाताच्या खाचरांतून गेलेली दिसते. आणि टपरीवर चहा घेत तो स्वस्थ बसला होता, तेवढ्या वेळांतहि तो चालल्याची नोंद आढळते. यंत्र खोटें बोलतें काय? या शंकेचें उत्तर सव्वादोनशें वर्षांच्या इतिहासांत सांपडतें.

१८०२ सालीं विल्यम लॅंब्टन यानें मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशीं सुमारें साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीनें मोजली. हिंदुस्थानच्या त्रिकोणमापनाची ती आधाररेषा होय. एक बाजू मोजलेली असली, म्हणजे दोन टोकांचे कोन घेऊन तिसरा बिंदु गणितानें निश्चित होतो. आणि त्या बिंदूवरून पुढचा त्रिकोण बांधतां येतो. कोन घेण्याचा थिओडोलाइट सुमारें अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्यें तंजावर येथें देवळाच्या गोपुरावर चढवितांना तो आदळून वांकला, तेव्हां लॅंब्टननें कित्येक आठवडे खपून तो पुन्हां सरळ केला.

परंतु लॅंब्टनचें खरें मोठेपण यंत्रांत नव्हतें. आपल्याच मापावर विश्वास न ठेवण्यांत होतें. १८०४ मध्यें त्यानें बंगलोरजवळ दुसरी आधाररेषा प्रत्यक्ष मोजली. मद्रासहून त्रिकोणांच्या साखळीनें आलेली तिची लांबी आणि जमिनीवर भरलेली लांबी यांत चार इंचांहूनहि कमी फरक निघाला. ही परीक्षा घेतली नसती, तर पुढचे सारे नकाशे केवळ भरंवशावर उभे राहिले असते. हवा स्वच्छ होईपर्यंत दिवसच्या दिवस थांबणें आणि एकच कोन पुनःपुन्हां घेणें ही या कामाची शिस्त होती. तिची किंमत मात्र जबर होती. जंगलांतील तापानें किती खलाशी दगावले, त्यांचीं नांवें कोणत्याहि नकाशावर नाहींत. लॅंब्टन स्वतः जानेवारी १८२३ मध्यें वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें वारला. त्याची कबर तेथेंच आहे.

पुढें हे बिंदु डोंगरमाथ्यांवरून उचलून आकाशांत नेले गेले. अमेरिकेच्या जी.पी.एस. योजनेंतील पहिला उपग्रह १९७८ मध्यें सोडण्यांत आला आणि १९९५ मध्यें योजना पूर्णत्वास आली. सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह वेळ सांगत फिरतात. संदेश निघाल्याची आणि पोंचल्याची वेळ यांवरून अंतर कळतें. तीन उपग्रहांवरून स्थान ठरतें, तर चौथा फोनच्या साध्या घड्याळाची चूक काढण्यास लागतो. कारण सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे जमिनीवर तीनशें मीटरांची चूक. आरंभीं नागरी वापराच्या संकेतांत लष्करी कारणास्तव मुद्दाम दोष मिसळला जाई, व स्थान शंभर मीटरपर्यंत चुके. मे २००० मध्यें ही बंधनें उठलीं. भारतानेंहि २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडले, आणि २०१६ मध्यें त्या योजनेस ‘नाविक’ हें नांव मिळालें.

मोकळ्या आकाशाखालीं चांगल्या फोनची चूक आज सुमारें पांच मीटर भरते. मग घोटीची वाट खाचरांत कां शिरते? उपग्रहाचा संदेश अत्यंत क्षीण असतो. दाट झाडींत तो मंदावतो, आणि कड्यावर आपटून परत आला, तर अधिक लांबून आल्यासारखा भासतो. बसलेल्या माणसाचा बिंदूहि त्यामुळें इकडे-तिकडे सरकतो, आणि त्या सरकण्याची बेरीज अंतरांत पडते. बॅटरी वांचविण्याची सोय चालू असेल, तर मधल्या नोंदी गळून वळणें तुटतात. उंचीची चूक तर आडव्या चुकीहून अधिक असते, कारण सारे उपग्रह वरच्याच बाजूस असतात.

यावर उपाय लॅंब्टनचेच आहेत. निघण्यापूर्वीं उघड्यावर मिनिटभर स्थिर उभें राहावें, कारण उपग्रहाच्या कक्षेची माहिती पुरी पोंचण्यास वेळ लागतो. फोन शक्य तों दंडावर वा पिशवीच्या वरच्या कप्प्यांत ठेवावा, बॅटरी वांचविण्याची सोय बंद करावी, आणि विसाव्याच्या वेळीं नोंद थांबवावी. दोन वारंवारतांवर संदेश घेणारा फोन असल्यास उत्तम. आणि रस्त्यावरील एका किलोमीटर-दगडापासून दुसऱ्यापर्यंतचें अंतर फोनशीं ताडून पाहावें. ही ज्याची त्याची आधाररेषा.

धांवण्याच्या नोंदींत पांच मीटर कमी-अधिक झाले, तर कांहींच बिघडत नाहीं. पण श्रावणांतल्या धुक्यांत कळसूबाईच्या धारेवर तेवढ्याच अंतरांत पायवाट आणि कडा दोन्हीं मावतात. तेथें पडद्यावरील रेषेपेक्षां पायांखालची वाट आणि बारीच्या माणसाचा शब्द अधिक मानावा. माप कितीहि सूक्ष्म असो, तें पडताळून पाहिल्याखेरीज खरें मानूं नये, हाच हिंगणघाटच्या त्या कबरीचा धडा आहे.