डिजिटल संग्रहात तारीख कशी नोंदवावी? शेणोलीची रेल्वे चुकीच्या महिन्यात जाऊ नये म्हणून

७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ ब्रिटिश सरकारचा पगाराचा पैसा नेणारी रेल्वे लुटली. पलूस तालुक्यातील कुंडल हे या प्रतिसरकारचे मुख्य केंद्र. समजा, या घटनेचे कागद स्कॅन करून संकेतस्थळावर टाकताना तारीख '०७/०६/१९४३' अशी लिहिली. अमेरिकी पद्धतीने चालणारे सॉफ्टवेअर ती ६ जुलै अशी वाचते. घटना महिनाभर पुढे सरकते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

क्रम का बिघडतो?

ओमेका क्लासिकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तारखेचा रकाना मुळात साध्या मजकुराचा असतो. मजकूर डावीकडून लावला जातो. त्यामुळे '०७-०६-१९४३' ही नोंद '०९-०८-१९४२'च्या आधी येते. म्हणजे शेणोलीची लूट 'चले जाव'च्या आधी झाली, असे वाचकाला दिसते!

उपाय : आधी वर्ष

आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस लिहावा : १९४३-०६-०७. असे लिहिल्यास मजकूर म्हणून लावला तरी क्रम बरोबर येतो. मात्र या रकान्यात इंग्रजी आकडेच वापरावेत. देवनागरी आकडे बहुतेक सॉफ्टवेअरला तारीख म्हणून कळत नाहीत. वाचकासाठी '७ जून १९४३' हे वेगळ्या रकान्यात लिहिता येते.

तारीख अर्धवट असेल तर?

याच तालुक्यातील किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर' (१९२०), 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) ही मासिके सुरू झाली. मासिकाच्या अंकाला महिना असतो, दिवस नसतो. तिथे उगाच '०१' जोडू नये, '१९३५-०८' एवढेच पुरे. नसलेली माहिती भरली की पुढचा अभ्यासक तिला पुरावा समजतो.

या मानकात आधीपासून असलेली '/' ही खूण आणि २०१९ मध्ये त्याच्या दुसऱ्या भागात आलेली चिन्हे इथे उपयोगी पडतात :

- १९४३~ : सुमारे १९४३
- १९४३? : १९४३ असावे, खात्री नाही
- १९४३/१९४६ : १९४३ ते १९४६
- दशक माहीत, वर्ष नाही : १९४ नंतर इंग्रजी 'एक्स' अक्षर

ही चिन्हे आपले सॉफ्टवेअर ओळखते का, हे आधी तपासावे.

शके असेल तर?

चैत्रापासून डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवावेत, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. कागदावर नुसते 'शके १८६५' असेल, तर '१९४३/१९४४' लिहावे. मूळ शब्द वर्णनात जसेच्या तसे ठेवावेत, म्हणजे रूपांतर चुकले तरी दुरुस्त करता येते.

एक्सेलपासून सावध

बहुतेक संग्रहांची यादी आधी एक्सेलमध्ये बनते. तारखेच्या रकान्यात नुसते '१९४३' टाकले, तर एक्सेल तो दिवसांचा आकडा समजून २६ एप्रिल १९०५ दाखवते. '१/१/२०' लिहिले तर १९२० ऐवजी २०२० होते. १९०० पूर्वीच्या तारखा तर त्याला तारीख म्हणून ओळखताच येत नाहीत. म्हणून पहिली नोंद करण्याआधीच तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवावा. नंतर केल्यास बदललेली तारीख आपोआप परत येत नाही.