इंद्राचा धाकटा भाऊ

कार्तिक शुद्ध प्रतिपदा आम्हा पलसाण्याच्या मराठी कुटुंबांकडे दोन नावांनी येते. घरात पाडवा असतो. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणत ओवाळले जाते. दाराबाहेर गुजराती नववर्ष उजाडलेले असते. शेजारी 'साल मुबारक' करीत येतात आणि मंदिरात अन्नकूट मांडलेला असतो. गुजराती शाळेत शिकणारी आपली मुले मग सहज म्हणून जातात, की गोवर्धन त्यांचा आणि बळी आपला. ही वाटणी मला नेहमीच खटकत आली आहे. दोन्ही सणांच्या कथा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्या एकाच घरातल्या निघतात. ते घर इंद्राचे.

बळीच्या कथेत ज्याचे राज्य गेलेले असते तो इंद्र, आणि गोवर्धनाच्या कथेत ज्याची पूजा थांबते तोही इंद्रच. दिवाळीभर हा देव कथांतून वावरतो. पण त्याच्या नावाची पणती कोणी लावीत नाही. एके काळी मात्र त्याच्याएवढा मोठा देव नव्हता. ऋग्वेदाच्या १०२८ सूक्तांपैकी जवळजवळ पाव भाग त्याच्या वाट्याला आला आहे. तुर्कस्तानात बोगाझकोय येथे सापडलेल्या मितन्नी राजाच्या तहात, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात, मित्र, वरुण आणि नासत्य यांच्या बरोबरीने इंद्राची साक्ष काढलेली आहे.

त्याचे चरित्रही वीराला शोभणारेच. चौथ्या मंडलातील अठराव्या सूक्तात तो नेहमीच्या वाटेने जन्माला येण्याचे नाकारतो आणि आईच्या कुशीतून आडवा बाहेर पडतो. त्वष्टा त्याला वज्र घडवून देतो. पुराणांनी पुढे ते दधीचीच्या अस्थींचे केले. सोम पिऊन तो वृत्राला मारतो आणि कोंडलेले पाणी मोकळे करतो. वृत्र म्हणजे अडवून, झाकून ठेवणारा. पाणी अडवणे हे तेव्हा शत्रूचे काम होते. आज उकाईला तापी अडवली आहे म्हणून आमच्याकडचा ऊस उभा आहे. माणसाचे जगणे बदलले, की देवाकडचे मागणेही बदलते.

या लढाईत इंद्राच्या बाजूला एक सोबती उभा असतो, तो विष्णू. ऋग्वेदात त्याच्या एकट्याची सूक्ते जेमतेम पाच-सहा. पुढे पुराणांत दोघेही अदितीचे पुत्र ठरले, आणि विष्णू वामनरूपाने धाकटा. अमरकोशात विष्णूच्या नावांत 'उपेंद्र' आहे, तसेच 'इंद्रावरज', म्हणजे इंद्राच्या पाठचा, हेही आहे.

हा धाकटा भाऊ थोरल्यासाठी बळीच्या यज्ञात गेला. भागवताच्या आठव्या स्कंधाप्रमाणे तो यज्ञ नर्मदेच्या उत्तर तीरावर भृगुकच्छ येथे चालला होता. भृगुकच्छ म्हणजे आपले भरूच, सुरतेच्या उत्तरेला लागणारे. 'बळी आपला' म्हणणाऱ्या मुलांना हे अवश्य सांगावे, की त्याची यज्ञभूमी गुजरातेत आहे. वामनाने तीन पावलांत जग मोजले आणि राज्य इंद्राच्या हाती दिले. राज्य थोरल्याला मिळाले, पण लोकांच्या मनात मोठा झाला तो मिळवून देणारा.

नरक चतुर्दशीची कथाही याच घरातली. नरकासुराने अदितीची कुंडले नेली, तेव्हा इंद्र कृष्णाकडे गाऱ्हाणे घेऊन आला. कृष्णाने नरकाला मारून कुंडले स्वर्गात पोचवली. आईचा दागिना परत आला, आणि परतताना पारिजातकाच्या झाडावरून भांडण जुंपले! सत्यभामेच्या हट्टापायी एकाने वज्र उचलले, दुसऱ्याने चक्र. झाड शेवटी द्वारकेला गेले. घराघरांतल्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या प्रसंगाचे नवल वाटणार नाही.

आजची मुले गडगडाटाचा देव म्हणून ओळखतात तो थॉरला. १९६२ साली अमेरिकेतील मार्व्हलच्या चित्रकथांत तो अवतरला आणि २०११ पासून चित्रपटांत गाजला. त्याच्याकडे वज्राऐवजी हातोडा, आणि भावाचे वैर लोकीशी. जुन्या नॉर्स कथांत मात्र लोकी हा थॉरचा भाऊ नव्हे; तो ओडिनचा, म्हणजे थॉरच्या बापाचा, मानलेला भाऊ. दोघांचे भाऊपण चित्रकथाकारांनी जुळवले. इसवी सन १००० च्या सुमारास आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि तिथली थॉरची पूजा संपली. इंग्रजी गुरुवारात तेवढे त्याचे नाव उरले. आपला गुरुवार बृहस्पतीचा, म्हणजे इंद्राच्या गुरूचा.

इंद्राचे तसे झाले नाही. त्याला कोणी घराबाहेर काढले नाही. पाटावरून उठवून बाजूला बसवले, इतकेच. याचे कारण भागवतातील कृष्णाच्या बोलण्यात सापडते. तो नंदाला म्हणतो, की आपले पोट गाईंवर आहे, आपण रानात आणि डोंगरात राहणारी माणसे. तेव्हा पूजा गाईंची आणि डोंगराची करावी. गुराख्यांच्या गावाचा हा साधा हिशेब आहे. इंद्राने पाऊस पाडून राग काढला, आणि मग तो खाली उतरला. हरिवंशात तो कृष्णाला अभिषेक करून सांगतो, मी देवांचा इंद्र, तू गाईंचा. म्हणून तू गोविंद. थोरल्याने आपल्या पदातला वाटा धाकट्याला स्वतःच्या हाताने दिला.

शिवाय इंद्र हे नाव जितके व्यक्तीचे, तितकेच पदाचे. पुढच्या सावर्णि मन्वंतरात त्या पदावर बळी बसेल, असे भागवतच सांगते. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) बळीला आपला राजा आणि वामनाला बाहेरून आलेला मानले. ती बाजूही मराठी घरात ठाऊक असायला हवी. पण पुराण हाती धरले, तरी पाडव्याचे मागणे भावी इंद्रासाठीच ठरते.

आता इंद्र मुख्यतः शब्दांत राहतो: इंद्रधनुष्यात, इंद्रियांत, इंद्रायणीच्या नावात. कोजागिरीला लक्ष्मीबरोबर त्याची पूजा सांगितली आहे, पण आटीव दुधाच्या गडबडीत ती कोणाच्या ध्यानात राहते? वेरूळचे बत्तिसावे लेणे 'इंद्रसभा' म्हणून प्रसिद्ध आहे. तिथला हत्तीवरचा इंद्र म्हणजे वास्तविक जैन यक्ष.

म्हणून द्विभाषिक घरांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलांना पाडवा आणि अन्नकूट वेगवेगळे करून देऊ नका. एका भावाचे राज्य परत आले आणि त्याच भावाचा मान उतरला, या दोन्ही गोष्टी एकाच तिथीला आठवायच्या असतात. शेजाऱ्याच्या अन्नकूटाचा प्रसाद घ्यावा आणि त्याला बळीची गोष्ट सांगावी. भरूच त्यालाही जवळच आहे.