हयगय कोणाची? सरळांबे, रुखमिणीबाई आणि मालकाचं कर्तव्य

31 जुलै 2023 च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यातल्या सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं. 20 माणसं गेली. त्यातली बहुतेक परराज्यांतून पोटासाठी इथे आलेली. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना 5 लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून 2 लाख रुपये जाहीर झाले. शहापूर पोलीस ठाण्यात कंत्राटदारांवर भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ खाली गुन्हा नोंदला गेला. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आता आपण त्याच रस्त्याने नागपूरला जातो.

तेव्हाच्या बातम्या काढून वाचा. दोनच शब्द पुन्हा पुन्हा येतात: ‘मदत’ आणि ‘गुन्हा’. मदत म्हणजे सरकारची दया. गुन्हा म्हणजे कुणा माणसाची चूक. या दोन्हींच्या मध्ये कायद्यात एक तिसरा शब्द आहे, ‘कर्तव्य’, आणि त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आज त्याचाच इतिहास सांगतो.

हयगय म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे जुन्या कायदेशीर मराठीत यासाठी ‘हयगय’ हा छान शब्द आहे. नुकसानभरपाईच्या दाव्यात हयगय सिद्ध करायची तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. समोरच्यावर तुमची काळजी घेण्याचं कर्तव्य होतं. ते त्याने मोडलं. आणि त्यामुळेच तुमचं नुकसान झालं.

उदाहरण घ्या. मुरबाडच्या रस्त्याकडेला कोणीतरी पाइपासाठी चर खणला, संध्याकाळी माणसं घरी गेली, ना दिवा ठेवला ना दोरी बांधली. रात्री मोटरसायकलवाला त्यात पडला. खणणारा त्याला ओळखत नव्हता, त्यांच्यात करारही नव्हता. तरी रस्त्याने कोणीतरी येणार हे त्याला कळायला हवं होतं. म्हणून कर्तव्य. शहाण्या माणसाने केली असती तेवढी काळजी त्याने घेतली नाही. म्हणून कर्तव्यभंग. ‘मुद्दाम केलं नाही हो’ हे उत्तर इथे चालत नाही.

अनोळखी माणसाबद्दलचं हे कर्तव्य इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने 1932 मध्ये एका स्कॉटिश बाईच्या खटल्यात ठामपणे मांडलं. जिंजर बिअरच्या बाटलीत मेलेली गोगलगाय निघाली, अशी तिची तक्रार होती. आपल्या कृतीने ज्याला इजा होईल हे आधी दिसू शकतं तो आपला शेजारी, असं लॉर्ड अॅटकिन म्हणाले.

पण मालकासाठी राबणारा मजूर? तो शेजाऱ्यापेक्षाही जवळचा. गंमत बघा, न्यायालयाने सर्वात उशिरा ओळखलं ते त्यालाच.

घाटातली रेल्वे आणि मालकाची पळवाट

1837 साली इंग्लंडमध्ये एका खाटकाच्या नोकराची मांडी मोडली, कारण मालाने जास्त भरलेली गाडी मोडली. त्याने मालकावर दावा केला आणि तो हरला. नोकराला धोका दिसतो, नको असेल तर त्याने काम नाकारावं, असा न्यायालयाचा सूर होता. 1850 पर्यंत रेल्वेच्या खटल्यात त्याचं पक्कं तत्त्व झालं: सोबतच्या कामगाराच्या हयगयीने तुम्ही जखमी झालात किंवा मेलात, तर मालक जबाबदार नाही. आता विचार करा, मोठ्या कारखान्यात किंवा रेल्वेत मालक स्वतः कधी सांधा बदलतो का? चूक कायम ‘सोबतच्या’चीच असणार. मालक सुटलाच.

आपल्याकडे मृत्यूबद्दल भरपाई मागायचा कायदा 1855 साली आला. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. या कायद्याने मृताची बायको, नवरा, आईबाप, मुलं यांना दावा करता येऊ लागला. 1865 पर्यंत रेल्वे आसनगाव, कसारा ओलांडून थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. कागदावर घाटातल्या मजुराच्या विधवेलाही हा कायदा लागू होता. पण तिच्या वाटेत विलायतेतलं ते तत्त्व उभं होतं.

नागपूरची रुखमिणीबाई

हे तत्त्व भारतात मोठ्या जोराने हललं ते नागपुरात. त्याच जी.आय.पी. रेल्वेचा एक कामगार कामावर असताना सहकाऱ्याच्या हयगयीने मेला. त्याची विधवा रुखमिणीबाई हिचा दावा थेट भारतमंत्र्याविरुद्ध होता, कारण रेल्वे तोवर सरकारच्या हाती गेली होती. सरकारने बचाव तोच घेतला. 1937 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती गिल्बर्ट स्टोन यांनी तो नाकारला. इथे न्याय, समन्याय आणि सदसद्विवेक यांनुसार निर्णय द्यायचा. इंग्लंडचा कायदा बघायचाच तर आजचा बघा, कालचा नको, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

त्याच वर्षी लंडनमध्ये एका स्कॉटिश खाणकामगाराच्या खटल्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. लायक माणसं, योग्य साधनं आणि कामाची सुरक्षित पद्धत पुरवणं हे मालकाचं स्वतःचं कर्तव्य आहे. काम कुणावर सोपवता येतं, कर्तव्य सोपवता येत नाही. भारतात ती जुनी पळवाट 1938 च्या कायद्याने अरुंद केली आणि 1951 च्या दुरुस्तीने बुजवली.

मग सरळांब्यात कोणता प्रश्न विचारायचा?

304-अ विचारतं: कोणत्या माणसाने हयगय केली? मोठ्या कामात मुख्य कंत्राटदार, उपकंत्राटदार, यंत्र पुरवणारा, मजूर पुरवणारा अशी साखळी असते. त्यात एक माणूस शोधताना वर्षं जातात. कोण दोषी ते न्यायालय ठरवेल.

तेव्हा लागू असलेला 1923 चा कामगार भरपाई कायदा वेगळ्या वाटेने जातो. तिथे हयगय सिद्धच करावी लागत नाही. पगार आणि वय यांवरून रक्कम ठरते. त्याचं कलम 12 फार मोलाचं: मजूर कंत्राटदाराचा असला तरी मूळ काम देणाऱ्याकडून भरपाई मागता येते, त्याने मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. ही सोय चांगलीच. पण तिथे ‘कर्तव्य कुणी मोडलं’ हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि ही वाट धरली की त्याच इजेसाठी मालकावर दिवाणी दावा करता येत नाही. परगावच्या विधवेला घाई असते. ती लवकर पैसे मिळणारी वाट धरते, आणि तिला दोष कसा देणार?

म्हणजे गुन्ह्याच्या फाइलमध्ये माणूस शोधला जातो, भरपाईच्या फाइलमध्ये रक्कम. रुखमिणीबाईचा प्रश्न दोन्हींच्या फटीत पडतो.

तुम्ही शहापूर-मुरबाडकडचे असाल तर हा प्रश्न महामार्गापुरता नाही हे तुम्हाला माहीत आहे. मुरबाडच्या एमआयडीसीत, वीटभट्टीवर, विहिरीच्या कामावर हीच साखळी लहान आकारात असते. पुढच्या वेळी कुठे अपघात झाला तर ‘मदत किती जाहीर झाली’ याच्या आधी तीन गोष्टी विचारा. यंत्र कुणी तपासलं होतं? कामाची पद्धत कुणी ठरवली होती? रात्री देखरेखीला कोण होतं? उत्तर ‘सोबतचा मजूर’ असं आलं, तर समजा की 1837 सालचा खाटीक अजून आपल्यात आहे.