नटाच्या कंपनीचे खरे कूळ

नटाने स्वतःची चित्रपट कंपनी काढण्याची कुळकथा बहुधा १९१९ च्या युनायटेड आर्टिस्ट्सपासून सांगतात. चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, फेअरबँक्स आणि दिग्दर्शक ग्रिफिथ अशी बडी नावे असल्यावर दुसरीकडे कोण बघणार? पण ती कंपनी मुळात निघाली ती या चौघांचे चित्रपट बाजारात पोचवण्यासाठी. तिच्या तीन वर्षे आधी, १९१६ मध्ये, नोबल जॉन्सन या कृष्णवर्णीय नटाने साथीदारांसह लिंकन मोशन पिक्चर कंपनी उभी केली होती. हेलन गार्डनरने तर १९१२ मध्येच आपली कंपनी काढली होती, त्यामुळे पहिलेपणाचा मान जॉन्सनला देता येत नाही. तरीही या प्रथेचे कूळ मला त्याच्यापाशीच सापडते, कारण ज्या भूमिका कुणी देत नव्हते त्या मिळवण्यासाठी त्याने कंपनी काढली.

लिंकनचा पहिलाच चित्रपट पाहा. नायक टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत शिकलेला तरुण कृष्णवर्णीय अभियंता. तेलाच्या खाणीवर त्याला वर्णामुळे नोकरी नाकारतात. पुढे मालकाच्या मुलीचा जीव वाचवल्यावर नोकरी मिळते आणि अखेर वडिलांच्या शेतातच तो तेल शोधून काढतो. ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने कृष्णवर्णीयांना पशूसारखे रंगवले, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. खलनायकी छापात अडकलेल्या जपानी सेसू हायाकावाने १९१८ मध्ये हॅवर्थ पिक्चर्स काढली, तीही याच ओढीने.

यावर कुणी म्हणेल, पैसा आणि मालकी हेच खरे कारण. बाकी सारे उदात्तीकरण. पिकफर्ड-चॅप्लिनपुरते ते बरेचसे खरे आहे. पण जॉन्सन आपले पोट युनिव्हर्सल स्टुडिओच्या पगारावर भरत होता, आणि त्याचा भाऊ जॉर्ज ओमाहाच्या टपाल कचेरीतली नोकरी सांभाळून लिंकनचे वितरण बघत होता. नफ्यासाठी कुणी असा संसार मांडत नाही.

घात झाला तो निराळ्याच ठिकाणी. १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व एका रात्री एकाच रंगमंचावर उभे राहू शकत. चित्रपटातला नट मात्र एकाच संध्याकाळी दोन थिएटरांत दिसतो, म्हणजे स्वतःशीच स्पर्धा करतो. जॉर्जने पुढे सांगितल्याप्रमाणे, कृष्णवर्णीय प्रेक्षक नोबलचे युनिव्हर्सलमधले खेळ सोडून लिंकनच्या खेळांकडे वळू लागले तशी युनिव्हर्सलने नोबलला लिंकन सोडायला लावली. १९१८ मध्ये तो बाहेर पडला. १९२१ च्या ‘बाय राइट ऑफ बर्थ’नंतर लिंकनचा नवा कथापट आला नाही, आणि १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये नोबल जॉन्सन बेटावरच्या टोळीचा म्होरक्या झाला.