सोळा बिटांची चौकट

उर्दू माध्यमाची मुलं मराठीच्या तासाला हमखास ‘माझी पुस्तक’ म्हणतात. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी. शब्दाचं लिंग ठरलं की आसपासच्या शब्दांना ते पाळावंच लागतं. काही संगणकभाषाही अशाच कडक असतात. पूर्णांक, दशांश, अक्षरं, ज्याचा त्याचा प्रकार आधी सांगायचा. एकाच्या जागी दुसरा घुसवलात तर कंपायलर तिथेच अडवतो, मराठीच्या मास्तरासारखा!

एडा ही अशीच भाषा. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी झां इश्बिया यांच्या चमूनं घडवलेली. नाव एडा लव्हलेसचं, आणि मानकाचा क्रमांक १८१५, म्हणजे तिचं जन्मसाल. इतकी शिस्तीची भाषा असूनही ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून निघालेलं पहिलं एरियन ५ रॉकेट चाळीसेक सेकंदांत फुटलं. सोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले.

घडलं असं. आडव्या वेगाशी निगडित एक आकडा ६४ बिटांच्या दशांश प्रकारात होता, तो १६ बिटांच्या पूर्णांकात भरायचा होता. तिथे ३२७६७ च्या वर काही मावत नाही. गुणपत्रकात दोनच चौकटी आणि मुलाला शंभर गुण, तसंच हे. हा कोड एरियन ४ चा, जसाच्या तसा उचललेला; त्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीला एवढा वाढतच नसे. अशा सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना नाही, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. आणि ते गणित उड्डाणानंतर एरियन ५ च्या काही कामाचंही नव्हतं.

भाषेनं चूक पकडली, हे मुद्दाम सांगतो. पण चूक पकडली गेली की संगणक बंद करायचा, असंच ठरवलेलं होतं. दिशादर्शक संगणक बंद पडला. जोडीचा राखीवही त्याच कारणानं क्षणभर आधी बंद पडलेला. जाताना त्यानं बिघाडाची नोंद पाठवली आणि मुख्य संगणकानं ती उड्डाणाची माहिती समजून इंजिनांची तोंडं पार वळवली. इथेही प्रकाराचाच घोळ, फक्त तो पाहायला कंपायलर नव्हता.

झाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी मंडळानं जुलैतच अहवाल दिला. उपग्रह नव्यानं बांधले गेले आणि २००० साली बैकानूरहून सुटले, सोयुझ रॉकेटांवरून.