संत ऑगस्टीन आणि वक्तृत्वकला

ज्युबिलीचा उत्सव म्हटला म्हणजे भाषणें आलींच. देवळांत प्रवचनें होतात, मंडपांत मानपत्रें वाचिलीं जातात, पाहुणे चार शब्द बोलतात आणि आपण सर्वजण आनंदानें टाळ्या वाजवितों. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु श्रोत्यांचें मन वळविणारी ही जी वाणीची शक्ति, तिचा खरा उपयोग कोणता आणि ती सफळ झाली हें ओळखावें कशावरून, याचा विचार आपल्या हातून क्वचितच होतो. पवित्र ख्रिस्तसभेंत या प्रश्नाचा अतिशय खोल विचार ज्यांनीं केला, ते संत ऑगस्टीन प्रथम वक्तृत्वाचेच शिक्षक होते. त्यांची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हीं योजिलें आहे.

ऑगस्टीन यांचा जन्म इ. स. ३५४ सालीं उत्तर आफ्रिकेंतील तागास्ते या गांवीं झाला. तें स्थळ आजच्या अल्जीरिया देशांत आहे. त्या काळीं रोमन साम्राज्यांत वर चढण्याची शिडी म्हणजे वक्तृत्व. न्यायसभा असो कीं राजसभा, ज्याची जीभ चालती त्याचें नशीब उघडें. म्हणून बापानें ऐपतीबाहेर खर्च सोसून मुलाला कार्थेज येथें शिकविण्याचें ठरविलें. मुलगाही बुद्धीचा तल्लख निघाला. कार्थेज येथें व नंतर रोम येथें त्यांनीं वक्तृत्व शिकविलें, आणि ३८४ सालीं, जेथें सम्राटाचा दरबार होता त्या मिलान शहरांत ते या विषयाचे अधिकृत अध्यापक झाले.

येथेंच त्यांच्या मनाला पहिला चटका बसला. सम्राटाच्या स्तुतीचें भाषण करण्याची कामगिरी त्यांच्याकडे आली. त्या भाषणांत पुष्कळ असत्य घालावयाचें होतें, आणि तें असत्य आहे हें पुरतेपणीं जाणणारे लोकच त्याबद्दल वाहवा करणार होते. या चिंतेंत रस्त्यानें जात असतां त्यांना एक भिकारी दिसला. भिकेच्या पैशांनीं मद्य पिऊन तो मजेंत थट्टामस्करी करीत होता. ऑगस्टीन यांना वाटलें, ज्या सुखासाठीं आपण ही एवढी दगदग करीत आहों, तें या भिकाऱ्याला चार नाण्यांत लाभलें. शिवाय त्यानें तें लोकांचें भलें चिंतून मिळविलें, आणि आपण मात्र खोटें बोलून पोकळ मान मिळवूं पाहत आहों. आपल्या आत्मकथनांत त्यांनीं हा प्रसंग उघडपणें लिहून ठेविला आहे.

मिलानचे बिशप त्या वेळीं संत आंब्रोज हे होते. त्यांच्या प्रवचनांस ऑगस्टीन जाऊं लागले, पण श्रद्धेनें नव्हे. जसा एखादा गवई दुसऱ्याचा आवाज पारखावयास जातो, तसे ते गेले. मानी पंथाचा फॉस्तुस नांवाचा वक्ता त्यांनीं पूर्वीं ऐकिला होता. बोलण्याच्या गोडीत फॉस्तुस सरस, पण अर्थाचा खोलपणा आंब्रोज यांचा, असा त्यांनीं निवाडा केला. मग एक नवल घडलें. शब्दांसाठीं त्यांनीं मनाचें दार उघडलें होतें. त्या शब्दांच्या पाठोपाठ अर्थही हळूहळू आंत शिरला. ३८६ सालीं त्यांनीं शब्द विकण्याचा तो धंदा सोडिला, आणि ३८७ च्या ईस्टरला आंब्रोज यांच्याच हस्तें त्यांनीं स्नानसंस्कार घेतला.

पुढें हिप्पो नगरीचे बिशप झाल्यावर त्यांच्यापुढें प्रश्न उभा राहिला: ज्या कलेनें असत्याची चाकरी केली ती ख्रिस्तसेवकानें टाकून द्यावी काय? ‘ख्रिस्ती शिकवण’ या ग्रंथाच्या चौथ्या भागांत, जो त्यांनीं ४२६ च्या सुमारास पुरा केला, याचें उत्तर मिळतें. कला स्वतः कोणाच्याच पक्षाची नाहीं. असत्य सांगणारे लोक थोडक्यांत, स्पष्ट व रसाळ बोलत असतां सत्याच्या कैवाऱ्यांनींच कंटाळवाणें व निःशस्त्र कां उभें राहावें? रोमन वक्ता सिसरो याच्यापासून त्यांनीं वक्त्याचीं तीन कर्तव्यें घेतलीं: शिकविणें, रिझविणें आणि हृदय हेलावून कृतीस प्रवृत्त करणें. यांत शिकविणें हा पाया होय. जो ऐकणाऱ्यास समजलाच नाहीं तो त्याला वळविणार कोठून?

या बाबतींत त्यांनीं दिलेला एक दाखला फार मार्मिक आहे. लॅटिन भाषेंत ‘ओस’ हा शब्द दीर्घ उच्चारल्यास तोंड व ऱ्हस्व उच्चारल्यास हाड असा अर्थ होतो. आफ्रिकेंतील सामान्य लोकांच्या कानाला हा भेद कळत नसे. म्हणून हाडाला ते ‘ओस्सुम’ असें अशुद्ध रूप वापरीत. पंडित त्याला हंसत. पण ज्यांनीं तारुण्याचीं कित्येक वर्षें शुद्ध भाषा शिकविण्यांत घालविलीं तेच ऑगस्टीन सांगतात कीं, लोकांस अर्थ कळत असेल तर उपदेशकानें खुशाल ‘ओस्सुम’ म्हणावें.

आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभीं हाच विचार दिसतो. १५७९ सालीं गोव्यास आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापविलें. शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळत नाहीं म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून, ब्राह्मणांच्या बोलींतले सोपे शब्द ठिकठिकाणीं मिसळले, असें त्यांनीं प्रस्तावनेंतच सांगून ठेविलें आहे. बाराशें वर्षांच्या अंतरानें दोघां विद्वानांनीं आपली विद्वत्ता लोकांच्या कानापुढें नमविली.

आतां तिसऱ्या कर्तव्याकडे वळूं. मॉरितानिया प्रांतांत सीझरिया नांवाचें शहर होतें. तेथें एक भयंकर चाल पूर्वापार चालत आली होती. वर्षांतून ठराविक वेळीं नागरिकांचे दोन तट पडत, आणि कित्येक दिवस एकसारखी दगडांची लढाई चाले. भाऊ भावावर, बाप मुलावर दगड फेंकी. ज्याच्या हातून जो सांपडे तो मारला जाई. वाडवडिलांची चाल म्हणून ती कोणी मोडीत नसे. ४१८ सालीं ऑगस्टीन तेथें गेले असतां त्यांनीं आपलें सर्व सामर्थ्य एकवटून या चालीविरुद्ध उपदेश केला. लोकांनीं वाहवा केली, पण त्यानें ते भुलले नाहींत. आपलें बोलणें समजलें व आवडलें, एवढेंच तीवरून ठरतें असें त्यांनीं मानिलें. लोकांच्या डोळ्यांत अश्रू दिसले तेव्हां मात्र ही चाल आतां मोडली अशी त्यांची खात्री झाली, आणि त्यांनीं लोकांकडून देवाचे आभार मानविले.

वाचकहो, येथें एक शंका येईल. अश्रू तरी खरे कशावरून? जी वाणी हातांतला दगड खालीं ठेवविते, तीच वाणी दुष्टाच्या मुखीं गेल्यास दगड उचलावयासही लाविते, आणि तेव्हांही लोक रडतात. ही शंका रास्त आहे; म्हणूनच ऑगस्टीन अश्रूंपाशीं थांबले नाहींत. त्या उपदेशाला आठ वर्षें किंवा अधिक काळ लोटला, आणि तेथें तसला प्रकार पुन्हां घडला नाहीं, असें त्यांनीं मुद्दाम नमूद केलें. टाळी क्षणाची, अश्रू घटकेचे. पण टळलेला रक्तपात हा वर्षानुवर्षांचा साक्षीदार. वक्त्याविषयींही त्यांचा निर्णय असाच आहे. कोणत्याही भव्य शब्दांपेक्षां बोलणाऱ्याच्या आचरणाचें वजन अधिक. आणि लोकांपुढें तोंड उघडण्यापूर्वीं त्यानें देवापुढें गुडघे टेकावे.

४३० सालच्या २८ ऑगस्टला, व्हँडल लोकांचा वेढा हिप्पोभोंवतीं पडला असतां, ते देवाघरीं गेले. लघुलेखकांनीं उतरून घेतलेलीं त्यांचीं शेंकडों प्रवचनें आजही उपलब्ध आहेत. १९९० सालीं तर जर्मनींतील माइन्झच्या ग्रंथालयांत अज्ञात व अपूर्ण प्रवचनांचा एक मोठा संग्रह हातीं आला.

या ज्युबिलीच्या दिवसांत आम्ही धर्मगुरु पुष्कळ बोलूं आणि तुम्ही प्रेमानें ऐकाल. पण आमचें प्रवचन चांगलें झालें कीं नाहीं, हें देवळाच्या दारांत सांगण्याची घाई करूं नका. ज्या घरांत बांधावरून वा वाटणीवरून भावाभावांचें बोलणें तुटलें आहे, तेथें तें पुन्हां सुरूं होऊं द्या. आठ वर्षांनींही तें टिकून राहिलें, तर आमच्या शब्दांचें सार्थक झालें असें आम्ही समजूं, आणि त्याचें श्रेय आपण सर्व मिळून देवाला देऊं.