मिरवणुकीचा मार्ग : प्लेग, गेडिस आणि इंदूरचे मोहल्ले

वाचकहो, आपल्या रहवासी संघाच्या बैठकीत काय काय निघते ते तुम्हाला ठाऊक आहे. नाली तुंबली आहे, खांबावरचा दिवा महिनाभर बंद आहे, कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर कोणीतरी कचरा टाकते, निम्म्या घरांची वर्गणी थकली आहे. तासाभराच्या चर्चेनंतर एक ठराव होतो : नगर निगमाला अर्ज द्यावा. अर्ज देण्यात गैर काहीच नाही. कर आपण भरतो. पण राज्यकर्त्याने काय करायचे आणि मोहल्ल्याने काय, हा प्रश्न याच शहरात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जिवावर बेतलेल्या वेळी उभा राहिला होता. त्याचे जे उत्तर तेव्हा निघाले ते आज पुन्हा पाहण्यासारखे आहे.

इंदूरला नगरपालिका आली ती १८७० साली, दुसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या काळात. त्यानंतर पाव शतकाने, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग उतरला आणि पुढची कित्येक वर्षे तो देशभर फिरत राहिला. सरकारने त्याच्याशी दोन तऱ्हांनी सामना केला. पहिली तऱ्हा पुण्याची. १८९७ मध्ये तिथे घराघरांत सोजीर शिरले, सामान रस्त्यावर आले, माणसे छावण्यांत नेली गेली. त्या संतापाचा शेवट रँडच्या खुनात झाला हे आपण शाळेत शिकलो. दुसरी तऱ्हा मुंबईची. तिथे १८९८ मध्ये नगरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचे काम सुरू झाले. रस्ते झाले, हवा खेळू लागली. पण ज्यांची घरे गेली ती गरीब माणसे शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहू लागली. दोन्ही तऱ्हांत एक गोष्ट सारखी होती. रहिवाशाला कोणी काही विचारले नाही. रोगाइतकाच तोही अडथळा मानला गेला.

इंदूरही प्लेगमधून सुटले नव्हते. अशा वेळी तिसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या दरबाराने शहराची पाहणी करण्यासाठी पॅट्रिक गेडिस यांना बोलावले. गेडिस १८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मले. शिक्षणाने ते वनस्पतिशास्त्रज्ञ. एडिनबरोमध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅना यांनी चांगले घर सोडून जुन्या शहरातल्या एका पडक्या, गजबजलेल्या चाळवजा वाड्यात बिऱ्हाड केले होते आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून तिथली सफाई, रंगसफेदी, खिडक्यांतल्या कुंड्या इथपासून सुरुवात केली होती. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. १९१६ मध्ये त्यांनी बडोद्याचा अहवाल लिहिला. १९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार वाईट गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा फ्रान्समध्ये युद्धात पडला आणि जूनमध्ये अ‍ॅनाबाई गेल्या. इंदूरचे काम त्यांनी केले ते या दुःखानंतरच्या काळात.

गेडिस यांची पद्धत पायी फिरण्याची होती. हातात मोठ्या प्रमाणाचा नकाशा घेऊन ते गल्लीबोळांतून हिंडत आणि कोणते घर दुरुस्त होईल, कुठे एखादी पडकी भिंत काढली की चौक मोकळा होईल, कुठे झाड लावता येईल, याची नोंद करत. वैद्य जसा आधी नाडी पाहतो आणि मगच चाकूला हात घालतो, तसेच हे होते. वस्ती न पाडता, गरजेपुरतीच काटछाट करून ती वाचवायची, असा त्यांचा आग्रह होता. पण लोकांना हे कसे कळावे? नकाशा घेऊन फिरणारा साहेब म्हणजे घर पाडणारा साहेब, हा अनुभव सर्वत्र होता. लोक आपल्याकडे बोट दाखवून भेदरल्यासारखे का बोलतात, असे त्यांनी सोबत्याला विचारले. सोबत्याने सांगितले, हाच तो म्हातारा साहेब, प्लेग आणणारा, असे लोक म्हणत आहेत.

हे ऐकून गेडिस दरबारात गेले आणि त्यांनी एक विचित्र मागणी केली : मला एका दिवसापुरते महाराज करा. मागणी मान्य झाली. मग शहरात जाहीर झाले की येत्या दिवाळीला नव्या तऱ्हेची मिरवणूक निघेल. तिचा मार्ग हिंदूंच्या नेहमीच्या मिरवणुकीचा नसेल आणि मुसलमानांच्याही नसेल. ज्या मोहल्ल्यांत सर्वांत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून तयार असतील आणि झाडे लावलेली असतील, त्या मोहल्ल्यांतून ती जाईल. ज्यांना कचरा काढायचा असेल त्यांच्यासाठी गाड्या फुकट मिळतील.

पुढे काय झाले असेल ते आपल्यापैकी ज्याने गल्लीतला गणपती बसवला आहे त्याला सांगायला नको. गेडिस यांच्याच वृत्तांताप्रमाणे घरांतून आणि परसांतून सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा निघाला. उंदीर पकडले गेले. घरे उजळली. देवळांभोवतालच्या वाटा दुरुस्त झाल्या.

मिरवणुकीत आधी संस्थानचे घोडदळ, हत्ती, उंट. मग पिकांचे आणि व्यापाराचे देखावे, लक्ष्मी. त्यामागे पडक्या घरांच्या प्रतिकृती आणि घाणीचे, डासांचे, प्लेगच्या उंदराचे अक्राळविक्राळ राक्षस. त्यांच्यानंतर शहरातले सफाई कामगार, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार, हातात नवे झाडू. त्यांच्या गाड्या आणि बैलही धुतलेले. त्यानंतर इंदूर नगरीची नवी देवी, तिच्यासोबत शहराच्या नव्या आराखड्याचे निशाण. मग गवंडी, कुंभार असे कारागीर आणि घरोघर वाटायला तुळशीची रोपे. शेवटी मैदानात राक्षसांना आग लागली आणि दारूकाम उडाले. दसऱ्याचा रावण आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. या वेळी त्याच्या जागी उंदीर जळला.

यानंतर प्लेग ओसरला. गेडिस यांनी प्रामाणिकपणे लिहिले की याचे एक कारण प्लेगचा हंगामच संपत आला होता हे आहे. दुसरे उंदीर गेले हे आणि तिसरे लोकांना धीर आला हे. रस्त्यात लोक पुन्हा त्यांच्याकडे बोट दाखवू लागले. आता प्लेग घालवणारा साहेब म्हणून.

ही गोष्ट परदेशात पुष्कळ सांगितली जाते, बहुतेक वेळा एका हुशार साहेबाची गंमत म्हणून. मला तिच्यात महत्त्वाचा वाटतो तो मार्ग. मिरवणूक निघाली राजाज्ञेने. पण तिचा मार्ग मोहल्ल्यांनी ठरवला. दंड नव्हता, शिपाई नव्हता. एका घराने अंगण घाण ठेवले तर साऱ्या गल्लीचा मान जाणार होता, म्हणून शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितले. पुण्यात जे काम सोजिरांकडून उंबरा ओलांडून करवले गेले, ते इथे उंबऱ्याच्या आतल्या माणसाने आपण होऊन केले. प्लेगची पिसू उंदरावर असते आणि उंदीर घरात असतो. तेव्हा जे काम घरात शिरल्यावाचून होत नाही, ते घरच्याच माणसाकडून होणे हाच शहाणपणाचा उपाय होता.

तरीही या गोष्टीची दुसरी बाजू झाकू नये. ज्या मोहल्ल्यांकडे रंगसफेदीलाही पैसे नव्हते, त्यांच्या दारावरून हत्ती जाणे अवघडच होते. आणि सफाई कामगारांना हार मिळाला तो एका दिवसाचा. दुसऱ्या दिवशी तोच मैला, तेच डोक्यावरचे ओझे, वस्तीच्या कडेला तेच घर. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा देशात यायला १९९३ साल उजाडले. तो पुरेसा नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. एक दिवसाचे महाराजपद गेडिस यांना गमतीने पुरले. एक दिवसाचा मान मात्र माणसाला पुरत नाही.

गेडिस यांचा इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९३२ साली फ्रान्समध्ये वारले.

२०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षे आपले शहर देशात स्वच्छतेत पहिले आले. शेवटच्या वर्षी सुरतेसह. हे यश कशावर उभे आहे? एका बाजूला पहाटे अंधारात रस्ता झाडणाऱ्या हातांवर, आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरातच ओला-सुका कचरा वेगळा ठेवणाऱ्या हातांवर. उंबऱ्याच्या आतले काम आणि बाहेरचे काम, हीच ती जुनी विभागणी. ती जिथे जुळली तिथे शहर जिंकले. कान्ह आणि सरस्वती या आपल्या नद्यांच्या काठी गेडिसही हिंडले होते. त्यांच्या पाण्याकडे पाहिले की ती कुठे जुळलेली नाही तेही दिसते.

म्हणून, वाचकहो, पुढच्या बैठकीत अर्ज जरूर लिहा. पण त्याखाली आणखी दोन ओळी घाला. पहिली, यातले कोणते काम आपण स्वतः करणार आहोत. आणि दुसरी, जी बाई किंवा जो भाऊ रोज पहाटे आपली गल्ली झाडतो, त्यांना या बैठकीत बसायला खुर्ची आहे की नाही. गेडिस यांनी त्यांना मिरवणुकीत स्थान दिले. बैठकीत देणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणाला महाराज व्हावे लागत नाही.